पॅप नॉर्मल, एचपीव्ही निगेटिव्ह, तरी पाणी जातच राहिलंय: गॅस्ट्रिक टाईप कॅन्सरचं निदान कसं पुढे न्यायचं

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, त्यामुळे पेशंट मला सहसा दिसतच नाही, दिसतो तो डबीतला तुकडा आणि त्याच्यासोबत आलेला फॉर्म. त्या फॉर्मवर जेव्हा "दीड वर्षापासून अंगावरून पाण्यासारखं जातंय, पॅप दोनदा नॉर्मल, एचपीव्ही निगेटिव्ह" असं लिहिलेलं असतं ना, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसते. कारण गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार नेमका ह्याच वाटेने येतो आणि ज्या तपासण्यांवर, म्हणजे पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशी ब्रशने घेऊन बघणं) आणि एचपीव्ही व्हायरसची टेस्ट, आपण सगळे विसंबतो त्यांच्यातून निसटतो. ग्रंथींच्या ह्या कॅन्सरचं नाव गॅस्ट्रिक टाईप अ‍ॅडिनोकार्सिनोमा. निदानाच्या प्रत्येक टप्प्यावर गाडी कुठे अडकते आणि तिथे काय विचारायचं, हे त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना माहीत असावं म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. अंगावरून पांढरं किंवा पाणी जाणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. इन्फेक्शन असतं, पाळीच्या मधल्या दिवसांतला नॉर्मल स्राव असतो, पिशवीच्या तोंडावरचा साधा लालसर भाग असतो ज्याला एक्ट्रोपियन म्हणतात. त्यामुळे हे वाचून रात्रभर जागू नका, पण लक्षण थांबत नसेल तर "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग झालं" असं म्हणून सोडूनही देऊ नका.

हा प्रकार वेगळा का आहे

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ९५ टक्के एचपीव्ही ह्या व्हायरसमुळे होतात, म्हणून आपली सगळी स्क्रीनिंगची व्यवस्था त्या व्हायरसभोवती उभी आहे, आणि ती चांगली आहे, तिने असंख्य बायका वाचल्यात. गॅस्ट्रिक टाईपचा मात्र एचपीव्हीशी संबंध नाही. पिशवीच्या तोंडाच्या आत जो बारीक बोगदा असतो त्याच्या ग्रंथी एरवी चिकट स्राव करतात, ह्या आजारात त्यांच्या पेशी जठराच्या अस्तरासारखा म्युकस बनवायला लागतात, म्हणून गॅस्ट्रिक हे नाव. जठरातून पसरलेला कॅन्सर असा त्याचा अर्थ नाही बरं का, बरेच जण रिपोर्ट वाचून इथेच घाबरतात.

ह्याचं सगळ्यात फसवं रूप १८७० मध्ये गुसेरोव ह्या जर्मन डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवलं, त्याला अ‍ॅडिनोमा मॅलिग्नम म्हणतात, पुढे मिनिमल डेव्हिएशन अ‍ॅडिनोकार्सिनोमा असंही नाव पडलं, म्हणजे नॉर्मलपासून अगदी जराशीच ढळलेली गाठ. जुन्या रिपोर्टवर ही नावं दिसली तर समजून घ्या की एकाच घराण्याची आहेत. २००७ मध्ये जपानी पॅथॉलॉजिस्टनी गॅस्ट्रिक टाईप ओळखायच्या खुणा नीट मांडल्या, आणि २०२० च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ह्या ग्रंथींच्या कॅन्सरचे एचपीव्हीशी संबंधित आणि एचपीव्हीशी संबंध नसलेले असे सरळ दोन गट केले गेले. जगभरात पिशवीच्या तोंडाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमांपैकी साधारण दहात एक ह्या प्रकारचा असतो, जपानमध्ये प्रमाण त्याहून बरंच जास्त, पाचात एक किंवा थोडं वरच.

आधी लक्षण नीट बघा आणि लिहून ठेवा

खरं सांगायचं तर निदान इथेच सुरू होतं आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. ह्या आजारात रक्तापेक्षा पाणी जास्त बोलतं. स्राव पातळ, पाण्यासारखा किंवा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा, भरपूर, म्हणजे पॅड भिजतो, दिवसातून दोन-तीनदा बदलावा लागतो, खाज नाही, फारसा वास नाही. कधी त्यात लालसर छटा येते, संबंधांनंतर डाग पडतो, पाळी बंद होऊन वर्षं झालेली असतात आणि तरी ओलं असतं. काहींना ओटीपोट भरल्यासारखं वाटतं.

एक साधी वही करा नाहीतर फोनवर लिहा, कधीपासून सुरू झालं, दिवसाला किती पॅड, रंग कसा, कोणतं औषध किती दिवस घेतलं आणि त्याने थांबलं की नाही. पॅडचा फोटो काढून ठेवला तरी चालेल, लाजायचं काही कारण नाही, डॉक्टरला तो फोटो दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. पाणी जातंय की लघवी गळतेय हेही बघून ठेवा, कारण ते बऱ्याचदा एकमेकांत मिसळतं, वासावरून आणि खोकल्या-शिंकल्यावर वाढतं का ह्यावरून अंदाज येतो. आणि दिवस गेलेले असताना पाणी जात असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, ती वेगळी इमर्जन्सी आहे.

इन्फेक्शनची गोळी एकदा घेणं ठीक आहे. पण आतून तपासणी न करताच दुसरा कोर्स, तिसरा कोर्स, मग व्हजायनात ठेवायच्या गोळ्या, मग "टेन्शन घेऊ नका", असं चक्र सुरू झालं तर तिथे थांबायचं आणि म्हणायचं, डॉक्टर, औषधाने थांबलेलं नाहीये, मला स्पेक्युलम (आतून बघायचं साधन) लावून तपासा. पाळी बंद झाल्यानंतर लाल गेलं तर एवढीही वाट बघायची नाही.

आतल्या तपासणीत काय कळतं, काय कळत नाही

स्पेक्युलमने पिशवीचं तोंड दिसतं, पण ही गाठ बऱ्याचदा बोगद्यात वरच्या बाजूला आणि भिंतीच्या खोल आत वाढते, त्यामुळे बाहेरचा भाग गुळगुळीत, गुलाबी, अगदी छान दिसू शकतो. मग बोटांनी तपासणं फार महत्त्वाचं. तोंड मोठं, फुगलेलं, पिंपासारखं आणि घट्ट लागतं का, आणि गुदद्वारातून तपासून बाजूचा भाग कडक झालाय का, हे अनुभवी हाताला कळतं. दिसायला साफ आणि हाताला घट्ट, हे जोडीने आलं तर माझ्या मते पुढच्या तपासणीला तेवढं कारण पुरे.

पॅप आणि एचपीव्हीचा रिपोर्ट कसा वाचायचा

ह्या दोन्ही टेस्ट स्क्रीनिंगसाठी आहेत, म्हणजे काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी. त्रास असलेल्या बाईला त्यांच्या निगेटिव्ह रिपोर्टवर घरी पाठवणं ही चूक आहे, आणि मला सगळ्यात जास्त वाईट ह्याचंच वाटतं कारण ती टाळता येण्यासारखी आहे. एचपीव्ही टेस्ट व्हायरस शोधते, ह्या कॅन्सरमध्ये व्हायरसच नाही, मग ती निगेटिव्ह येणार हे उघड आहे. पॅपमध्ये ब्रश जिथपर्यंत पोचतो तिथल्याच पेशी येतात, गाठ वर आणि खोल असली तर येतच नाहीत, आणि आल्या तरी इतक्या सभ्य दिसतात की नॉर्मल म्हणून निघून जातात. एक बारीक खूण मात्र असते, पॅपच्या रंगात नॉर्मल स्राव गुलाबीसर दिसतो आणि जठरासारखा म्युकस सोनेरी पिवळा, ते पिवळं एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही, पण त्यासाठी बघणाऱ्याच्या डोक्यात हा आजार असावा लागतो.

रिपोर्टवर "एटिपिकल ग्लँड्युलर सेल्स" किंवा एजीसी असं लिहिलेलं असेल तर त्याकडे अजिबात दुर्लक्ष नको, एचपीव्ही निगेटिव्ह असलं तरी नको. त्याच्यानंतर कॉल्पोस्कोपी (भिंगातून पिशवीचं तोंड बघणं) आणि बोगद्यातून खरवडून घेतलेला नमुना लागतो, वय ३५ च्या पुढे असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचाही. सहा महिन्यांनी परत पॅप करू, हे उत्तर एजीसीला चालत नाही.

(हे वाचून कोणी पॅप करणं किंवा मुलींना एचपीव्हीची लस देणं सोडू नका प्लीज. बाकीच्या बहुतांश कॅन्सरपासून तेच वाचवतं.)

सोनोग्राफी आणि एमआरआय

सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाजवळ पाण्याच्या छोट्या गाठी दिसतात आणि रिपोर्टमध्ये येतं "नॅबोथियन सिस्ट". ह्या सिस्ट असंख्य नॉर्मल बायकांना असतात, निरुपद्रवी असतात, म्हणून कोणी पुढे जात नाही. पण नॅबोथियन सिस्ट सहसा वरवर असतात आणि त्यांच्यामुळे पॅड भिजेल इतकं पाणी जात नाही. सिस्ट भरपूर, खोलवर, आणि सोबत सतत पाणी, हे एकत्र आलं की कॉन्ट्रास्ट देऊन ओटीपोटाचा एमआरआय मागायचा. रेडिऑलॉजिस्टसाठी चिठ्ठीवर नुसतं "पेल्व्हिस एमआरआय" नको, "भरपूर पाण्यासारखा स्राव, एचपीव्ही निगेटिव्ह, तोंडात सिस्ट, गॅस्ट्रिक टाईप आहे का बघा" एवढं लिहिलेलं असावं, त्याने बघणाऱ्याची नजर बदलते.

एमआरआयमध्ये शोधायचं ते सिस्टच्या मधला घट्ट भाग आणि तो भिंतीत किती खोल घुसलाय ते. ह्याची एक साधी बहीणही आहे, एलईजीएच म्हणतात तिला, कॅन्सर नाही पण म्युकस तसाच जठरासारखा. तिच्यात मध्ये बारीक सिस्टचा पुंजका आणि भोवती मोठ्या सिस्ट असं फुलासारखं चित्र दिसतं, रेडिऑलॉजीवाले त्याला कॉसमॉस पॅटर्न म्हणतात. तरी नुसत्या एमआरआयवर कॅन्सर आहे किंवा नाही ठरवता येत नाही, आणि एलईजीएचच्या शेजारीच कॅन्सर असल्याचंही बघायला मिळतं. जमलं तर एमआरआय मोठ्या बायोप्सीच्या (तपासायला तुकडा काढण्याच्या) आधी करावा, नंतर केला तर सूज आणि रक्त साचल्यामुळे चित्र गढूळ होतं.

तुकडा कुठून आणि किती खोल

आता माझ्या टेबलाकडे या. पंच बायोप्सीचा तुकडा आमच्याकडे येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा, दोन-तीन मिलिमीटरचा, फॉर्मलिनमध्ये पांढरट झालेला. तो मेणात बसवतो, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढतो, रंगवतो आणि काचेवर घेतो. त्यात मला काय दिसतं? ग्रंथी. व्यवस्थित, एका ओळीत उभ्या पेशी, खाली केंद्रकं, वर म्युकस. नॉर्मल ग्रंथीही अशाच दिसतात. फरक कळतो तो ग्रंथी किती खोलवर गेल्यात ह्यावरून, त्यांचा आकार वेडावाकडा, खेकड्याच्या नांगीसारखा झालाय का ह्यावरून, आणि आजूबाजूच्या टिश्यूने चिडून घट्ट जाळं विणलंय का ह्यावरून. नॉर्मल ग्रंथी वरच्या थरातच राहतात. पण खोली बघायला खोल तुकडा तर पाहिजे ना, दोन मिलिमीटरच्या दाण्यात मी खोली मोजणार कुठून.

म्हणून पंच बायोप्सी निगेटिव्ह आली आणि लक्षण, हाताची तपासणी किंवा एमआरआय ह्यांच्यातलं काहीतरी वेगळंच सांगतंय, तर रिपोर्ट जुळत नाहीये असं समजायचं आणि आणखी खोल नमुना घ्यायचा. तो खोल बायोप्सीने घेता येतो किंवा भूल देऊन कोन बायोप्सी करतात, म्हणजे तोंडाचा शंकूच्या आकाराचा भाग बोगद्यासकट काढतात. ग्रंथींच्या आजारात तो शक्यतो एकसंध मिळावा, तुकडे-तुकडे होऊ नयेत आणि कडा जळू नयेत, म्हणून बरेच सर्जन इथे साध्या ब्लेडने कोन घेणं पसंत करतात. कोननंतर रक्तस्राव होऊ शकतो आणि पुढे मूल हवं असेल तर तोंड कमकुवत होऊन वेळेआधी बाळंत होण्याचा धोका थोडा वाढतो, हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या. आणि डोळ्यांना सरळ गाठ दिसतच असेल तर कोनची गरजही नाही, गाठीतूनच चांगला तुकडा घेता येतो.

एक विनंती अगदी कळकळीने. पाणी जाण्याचा त्रास आहे म्हणून, निदान न करताच "पिशवी काढून टाकू, कटकट संपेल" असं कोणी सुचवलं तर हो म्हणायच्या आधी विचारा की पिशवीच्या तोंडातून खोल बायोप्सी झालीय का. पिशवी साध्या पद्धतीने काढल्यावर तिच्यात हा कॅन्सर सापडतो तेव्हा जे ऑपरेशन व्हायला हवं होतं ते झालेलं नसतं, आजूबाजूचा भाग आणि लिम्फ नोड तसेच राहिलेले असतात, आणि पुढची ट्रीटमेंट बाईला दुप्पट जड जाते. काचेवर ते ओळखणारी मी असते तेव्हा रिपोर्ट टाईप करताना हात जड होतो.

लॅबचा रिपोर्ट आणि स्टेन

तुकडा पाठवताना फॉर्मवर हिस्ट्री पूर्ण लिहिली आहे का हे स्वतः बघा, पेशंटला तो हक्क आहे. रिकाम्या फॉर्मसोबत आलेला सभ्य दिसणारा तुकडा "नॉर्मल" म्हणून जाण्याची शक्यता खूप जास्त असते, आणि तोच तुकडा पूर्ण हिस्ट्रीसकट आला तर मी मेणाच्या ब्लॉकमधून आणखी खोल काप काढायला सांगते, स्टेन मागवते, दुसऱ्या डोळ्यांना दाखवते.

गॅस्ट्रिक टाईपच्या पेशी भरल्या अंगाच्या, आतून फिक्या किंवा काचेसारख्या स्वच्छ, आणि त्यांच्या सीमा ठळक असतात. शंका आली की इम्युनो स्टेन, म्हणजे पेशीतली ठराविक प्रथिनं दाखवणारे रंग, लावतात, ज्याला रिपोर्टवर आयएचसी लिहितात. एचपीव्हीवाल्या कॅन्सरमध्ये पी१६ हा स्टेन सगळीकडे गडद येतो, इथे बहुतेक वेळा येत नाही किंवा तुटक येतो. ईआर आणि पीआर हे हॉर्मोनचे स्टेन साधारणपणे निगेटिव्ह. म्युक६ आणि एचआयके१०८३ हे जठराच्या म्युकसचे स्टेन बऱ्याचदा पॉझिटिव्ह, पण ते एलईजीएचमध्येही येतात, म्हणून त्यांच्यावरून कॅन्सर ठरत नाही. पी५३ काही जणींमध्ये बिघडलेला दिसतो आणि तसा दिसला तर निदानाला बळ मिळतं, नॉर्मल दिसला तर आजार नाही असं मात्र होत नाही. थोडक्यात एकही स्टेन एकटा पुरत नाही. रिपोर्टवर नुसतं "अ‍ॅडिनोकार्सिनोमा" एवढंच असेल तर नक्की विचारा, एचपीव्हीशी संबंधित आहे की नाही, कोणता टाईप. हे नाव महत्त्वाचं आहे कारण गॅस्ट्रिक टाईप नेहमीच्या प्रकारापेक्षा लवकर पसरतो आणि केमो-रेडिएशनला तेवढा दाद देत नाही, डॉक्टरांचा सगळा प्लॅन त्यावर बदलू शकतो.

आणखी एक पेच असा की स्वादुपिंड, पित्तमार्ग किंवा जठराचा कॅन्सर पिशवीच्या तोंडापर्यंत आला तर काचेवर तो जवळपास असाच दिसतो, स्टेनही मिळतेजुळते. त्यामुळे पोटाचा-छातीचा सीटी आणि गरज वाटली तर एंडोस्कोपी सांगितली तर डॉक्टर उगाच वाढवतायत असं समजू नका. उलटही होतं, हा कॅन्सर अंडाशयात पसरतो आणि तिथली मोठी गाठ आधी सापडते, सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, तोंडाकडे कोणी बघतच नाही. अंडाशयात म्युकसची गाठ निघाली आणि पाणी जाण्याचा जुना त्रास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. पेट स्कॅनमध्ये म्युकस भरपूर असलेली गाठ कधीकधी फिकी दिसते, तेव्हा पेट साफ आला एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सीए १२५, सीए १९-९, सीईए हे रक्तातले मार्कर वाढू शकतात, त्यांच्यावरून निदान होत नाही, पुढे तुलना करायला उपयोगी पडतात. स्टेज ठरवताना २०१८ पासूनच्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना) पद्धतीत स्कॅन आणि पॅथॉलॉजी दोन्ही धरतात.

ओठांवरचे डाग विचारायला विसरू नका

पॉइट्झ-जेगर्स नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, एसटीके११ ह्या जीनमधल्या बिघाडामुळे होतो, त्यात लहानपणी ओठांवर, गालाच्या आतून, कधी बोटांवर काळपट-तपकिरी ठिपके असतात आणि आतड्यात पॉलिप होतात. अशा बायकांना हा दुर्मिळ कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. ओठांवरचे ठिपके मोठेपणी फिके पडतात, गालाच्या आतले बहुधा राहतात, म्हणून तोंड उघडून आरशात बघा, आईला लहानपणीचं विचारा, घरात कोणाला आतडं अडकून ऑपरेशन झालं होतं का विचारा. बहुतेक गॅस्ट्रिक टाईप पेशंटना हा आजार नसतो, पण असेल तर मुलाबाळांत उतरण्याची शक्यता प्रत्येकामागे निम्मी असते, आणि त्यांची तपासणी वेळेत सुरू करता येते, म्हणून जेनेटिक काउन्सेलिंग.

सेकंड ओपिनियन घेताना

दुर्मिळ आजारात मी स्वतःच सांगते की दुसरीकडे दाखवा, आणि शक्य असेल तर जिथे स्त्रियांच्या कॅन्सरचं पॅथॉलॉजी रोज बघतात तिथे. तुमच्या डॉक्टरला किंवा लॅबला ह्यात अपमान वाटायचं काही कारण नाही. नुसता छापील रिपोर्ट नेऊन उपयोग नाही, लॅबकडून स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, आयएचसीच्या स्लाईडही, एमआरआयची सीडीही, आणि आधीच्या पॅपची काच जपलेली असेल तर तीही, कारण निदान माहीत झाल्यावर जुन्या काचेत ते सोनेरी पिवळं पुन्हा शोधता येतं. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवून बघा, सही करून कुठले किती ब्लॉक घेतले ते लिहून घ्या, परत कधी द्यायचे तेही. स्लाईड कडक डबीत ठेवा, कापसात गुंडाळलेल्या काचा वाटेत फुटतात. आणि ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, वितळले तर त्यातला तो दाण्याएवढा तुकडा परत मिळत नाही.